चाळीस ताटं आणि चार ताटं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



चाकणला आंबेठाण चौकाच्या अलीकडे माझी खाणावळ आहे. आमच्या भागात तिला मेस म्हणतात. २००८ साली मी ती सुरू केली तेव्हा जेवायला सात मुलं होती. २०२० च्या मार्चमध्ये ती चाळीस झाली होती. बीड, लातूर, परभणी, बुलढाणा, शिवाय बिहार आणि ओडिशा, असा सगळा मुलूख माझ्या पंगतीला. सगळे मला मावशी म्हणतात. बिहारकडची पोरंसुद्धा आठ दिवसांत ‘मौसी’ची ‘मावशी’ करतात.

टाळेबंदीतल्या स्वयंपाकाबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलं. त्या दिवसांत पुष्कळ लोकांनी घरी पहिल्यापासून सगळं करायला घेतलं, निवांत शिजवलं, निवांत खाल्लं. पण जी बाई रोज चाळीस माणसांचं रांधते, तिला यात नवीन ते काय, असं तुमच्या मनात येईल. मी सांगते, मला ते फार नवीन होतं. आमच्याकडे स्वयंपाक होतो तो घड्याळावर.

पहिल्या पाळीची मुलं पहाटे डबा उचलतात आणि कंपनीची बस गाठतात. दुसऱ्या पाळीची दुपारी दोनच्या आत जेवून निघतात. रात्रपाळीची सकाळी आठला येऊन आमटी-भात खातात आणि झोपायला जातात. माणूस पंगतीला बसला की पंधरा मिनिटांत उठतो, कारण त्याच्या जागी बसणारा दारात उभा असतो. कंपनीच्या कँटीनमध्येही वेगळं काही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवून दिलं होतं, की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृह काढायला लावण्याची सोयही त्याच कायद्यात होती. चांगला कायदा होता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्याच्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि मग आमचं चाकण. या सगळ्या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्या त्या अर्ध्या तासात जेवल्या.

एवढ्या घाईत रांधायचं म्हणजे पुष्कळ गोष्टी विकत आणाव्या लागतात. आलं-लसणाचं वाटण पिशवीतलं, मसाला तयार, कुरडया-पापड बचत गटाकडचे, दही डेअरीचं. चव बरी असते, पोरांचं पोट भरतं. पण विरजण लावून सकाळी भांडं उघडून बघणं हे माझ्या हातून बारा वर्षांत घडलं नव्हतं.

२२ मार्च २०२० ला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली. मंगळवारी रात्री देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि बुधवारी, २५ तारखेला, गुढीपाडवा होता. त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत माझी निम्म्याहून जास्त मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली. पाडव्याला मी सकाळी उठले, तर रांधायचं होतं चार माणसांचं. मी, आमचे हे, मुलगी आणि सासूबाई. गुढीला गाठी मिळाली नाही, कडुनिंब मात्र दारचाच होता. श्रीखंड विकत आणायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी आदल्या रात्री दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं होतं. रात्रभर पाणी गळलं, सकाळी चक्का झाला. तो पुरणयंत्रातून फिरवायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मला दुसरं काहीच करायचं नव्हतं, हेच मला चमत्कारिक वाटलं.

चार माणसांच्या आमटीला मीठ किती, याचा हाताला अंदाजच येईना. माझा हात किलोवर बसलेला. पहिले तीन-चार दिवस सासूबाई शेजारी पाटावर बसून, ‘पुरे, पुरे’ म्हणत होत्या.

पुढे एप्रिल लागला. एप्रिल म्हणजे वाळवणाचा महिना. गावाकडचे गहू घरात होते. सासूबाई म्हणाल्या, कुरडया करू. ज्यांनी केल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवायचा म्हणजे खाली बसतो. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून चीक सोडायचा आणि न थांबता ढवळायचं. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा आणि उन्हात टाकायचा. पाच दिवसांत हाताचं काम असेल सात-आठ तासांचं. बाकीचं काम पाणी करतं, रात्र करते, ऊन करतं. आपण फक्त वेळेवर तिथे असायचं. पाळीत काम करणाऱ्या बाईला नेमकं हेच जमत नाही. अंगात कष्ट करायची ताकद असते, पण पाच दिवस सलग घरी हजर राहणं तिच्या हातात नसतं.

दुधाचंही तसंच. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाली, दूध शिल्लक राहू लागलं. सरकारने त्या वेळी रोज दहा लाख लिटर दूध लिटरला पंचवीस रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं होतं. आमच्या ओळखीचा गवळी रोज दाराशी थांबून म्हणायचा, ‘ताई, एक लिटर जास्तीचं घ्या ना.’ मग साय साठली, विरजलं, घुसळलं, लोणी काढलं, कढवलं. तूप कढताना सबंध घरात जो वास सुटला, त्याने सासूबाईंना त्यांच्या माहेरची म्हैस आठवली. खेड तालुक्यातले शेतकरी मेथी-कोथिंबीर टेंपोत घालून गल्लीत आणत. आठवडी बाजार बंद, मार्केट यार्डाचा भरवसा नाही, आणि पीक तर थांबत नाही.

आमच्या ओळखीची काही कुटुंबं प्राधिकरणात, चिंचवडला, मोशीला राहतात. त्यांचे फोन यायचे. कोणी कुकरमध्ये केक केला, कोणी घरी पाव भाजला, कोणी यीस्ट मिळत नाही म्हणून हैराण. मुलीने वाचून दाखवलं, की इंग्लंडात दुकानांतून पीठ नाहीसं झालंय. गंमत म्हणजे गिरण्यांकडे पीठ होतं. पण ते जायचं बेकऱ्यांना, मोठ्या गोण्यांतून. घरगुती लहान पुड्या भरायची यंत्रं अपुरी पडली. सगळं जग एकाच महिन्यात परातीकडे वळलं होतं. तिनेच मला कार्लो पेत्रिनी या इटालियन माणसाबद्दल सांगितलं. १९८६ साली रोममध्ये एका प्रसिद्ध चौकात परदेशी झटपट खाण्याचं दुकान निघालं, त्याला विरोध करणाऱ्यांत तो होता. त्यातून ‘स्लो फूड’ नावाची चळवळ उभी राहिली. तिचं चिन्ह आहे गोगलगाय. सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कुरडया वाळायच्या आत कोणी उचलू नये, एवढं सांगायला चळवळ कशाला हवी?

आता मुद्द्यावर येते. हे सगळं माझ्या घरात चाललं होतं तेव्हा माझी अकरा मुलं खराबवाडीकडच्या तीन खोल्यांत अडकून पडली होती.

आमच्याकडे खोल्या कॉट बेसिसवर मिळतात. म्हणजे तुम्ही खोलीचं भाडं देत नाही, खाटेचं देता. एका खोलीत चार खाटा. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एका वेळी सगळे खोलीत नसतात, तेव्हा भागतं. टाळेबंदीत सगळे एकदम खोलीत. खोलीत मोरी असते, खुंट्या असतात, पण ओटा नसतो. गॅस वापरायला मालकाची मनाई असते. कारण उघड आहे, स्वयंपाक सुरू झाला की बिऱ्हाड होतं, आणि खाट देणाऱ्याला बिऱ्हाड नको असतं. रेशनकार्ड असेल तर ते गावी, आईच्या नावावरच्या डब्यात.

पहिले काही दिवस आमचे हे सायकलवरून डबे देऊन येत. मग त्या बाजूचा रस्ता बांबू आडवे बांधून बंद झाला. तेव्हा मी मेसची एक शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, दोन पातेली, परात, तवा, तांदूळ, डाळ आणि पीठ असं सगळं एकदाच पाठवलं. खोलीमालकाशी ह्यांनी बोलणी केली. तो माणूस वाईट नव्हता. ‘महिनाभर करू द्या’ म्हणाला.

आणि माझा फोन वाजायला लागला. ‘मावशी, डाळ शिजली हे कसं कळायचं?’ दाणा बोटांत दाबून बघ, मध्ये टणक लागला तर अजून वेळ आहे. ‘मावशी, भाताला पाणी किती?’ तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. इंद्रायणी असेल तर थोडं कमी, तो चिकट असतो. हा इंद्रायणी आपल्याच भागातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये काढलेला, हे मी त्या पोराला त्याच फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला वेळच वेळ होता.

लातूरकडच्या मुलाला भाकरी हवी होती. त्याची थापताना फाटत होती. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, पाणी घालून मळलं की तो बांधून धरतो. ज्वारीत तो नाही. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात कालवायचं. गरम पाण्याने पिठातलं सत्त्व थोडं शिजतं आणि तेच बांधून धरतं. शिवाय एका भाकरीपुरतंच मळायचं. एवढं सांगूनही जमेना, तेव्हा त्याने गावी आईला फोन लावला. आईने आधी त्याला चांगला खुळ्यात काढला. मग फोन भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं, स्वतः परात घेऊन समोर बसली आणि दोघांनी एकदम थापायला घेतलं. सिवानच्या मुलाला लिट्टी करायची होती, पण सत्तू कुठून आणणार? सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. घरात फुटाणे होते, ते मी मिक्सरला लावून पाठवले. त्या रात्री अकराही जणांनी लिट्टी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. लिट्टी तव्यावरची होती, पण त्यांनी ती नावाजून खाल्ली.

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्यांना जो वेळ मिळाला होता तो निवांत नव्हता. ठेकेदाराकडचे पैसे यायचे होते. घरून रोज विचारणा व्हायची. तीन मे म्हणता म्हणता टाळेबंदी सतरा मेपर्यंत गेली. आणि एका संध्याकाळी बुलढाण्याच्या मुलाने फोनवर विचारलं, ‘मावशी, दशमी किती दिवस टिकते?’

दशमी म्हणजे दुधात मळलेली पोळी. पाणी नसतं म्हणून दोन-तीन दिवस चांगली राहते. आपल्याकडे ती प्रवासालाच करतात. गाड्या बंद असताना हा पोरगा दशमी कशाला विचारतोय, ते माझ्या लक्षात आलं. चाकणहून बुलढाणा चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. ही मुलं चालत निघणार होती.

मी त्याला कृती सांगितली नाही. म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीही उद्यावर ढकललं. ८ मे उजाडला आणि औरंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या, करमाडजवळची बातमी आली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले होते, दमून रुळांवरच झोपले, आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्या रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. बहुतेकांना त्यात मृत्यू दिसला. मला आधी त्या पोळ्या दिसल्या. सारख्या लाटलेल्या, नीट भाजलेल्या. कोणीतरी निघायच्या आधी बसून, वेळ देऊन केलेल्या होत्या त्या.

त्या दिवशी आमच्या ह्यांनी सगळ्या मुलांना फोन करून शपथ घातली. मग डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडे अर्ज, असं सुरू झालं. १ मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या सुटू लागल्या होत्या, त्यातल्या एका गाडीत सिवानचा मुलगा आणि त्याचे तीन सोबती बसले. बुलढाणा आणि परभणीच्या पाच जणांनी परवाना काढून मिळून गाडी केली. दोघे राहिले. निघणाऱ्या नऊही जणांना मी दशम्या दिल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. तेव्हा कृतीही सांगितली.

श्रोतेहो, त्याच तीन महिन्यांत, मार्च ते मे, पाच रुपयांच्या पार्ले-जीच्या पुड्याची विक्री कधी नव्हे एवढी झाली, असं त्या कंपनीनेच सांगितलं होतं. दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्या काळात पाच रुपयांना मिळत होती: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. एकीकडे घरोघर केक भाजले जात होते आणि दुसरीकडे बिस्किटाचा पुडा हेच जेवण होतं. दोन्ही त्याच टाळेबंदीत. म्हणून त्या दिवसांत लोक पुन्हा सावकाश जगायला शिकले, असं कोणी म्हणालं की मी विचारते, त्यांच्याकडे ओटा होता का? सावकाश शिजवायला आधी शेगडी लागते, मग घरातला किराणा, आणि उद्याचा पगार येणार ही खात्री. या तीन गोष्टी असल्या तर वेळेला चव येते. नसल्या तर त्याच वेळेची धास्ती वाटते.

दुसरी गोष्ट घरातली. माझी मुलगी अर्थशास्त्र शिकलेली आहे, तिने मला काही आकडे दिले. आपल्या सरकारने २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधी, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, करणारे पुरुष ९७. आणि असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. मग टाळेबंदी आली. घरोघरचे पुरुष स्वयंपाकघरात शिरले, कोणी पोळ्या लाटल्या, त्याचे फोटोही निघाले. २०२४ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ भरली. पुरुषांची ८८. घरकाम करणारे पुरुष शंभरात २७ झाले, म्हणजे एक वाढला. पण जे करतात त्यांचा वेळ नऊ मिनिटांनी कमी झाला.

आमच्या घरातही हाच अनुभव. आमचे हे एप्रिल-मेमध्ये रोज रात्री पोळ्या लाटत. हात सुरेख बसला होता, पोळी टम्म फुगायची. कंपनी पुन्हा तीन पाळ्यांत सुरू झाली आणि लाटणं गुपचूप माझ्याकडे परत आलं. भांडण झालं नाही, कोणी ठरवलंही नाही. भोंगा वाजला आणि आपोआप झालं. मला वाटतं, घरोघरी असंच झालं असावं. जो वेळ सक्तीने मिळाला तो सक्ती उठल्यावर गेला. ठेवून घ्यायचा असेल तर तो ठरवून ठेवावा लागतो.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, त्यानंतर मीही मेस उघडली. चाळीसातली बावीस मुलं परत आली. मागच्या बाजूला पडवी होती, तिथे एक ओटा बांधून घेतला आणि जुनी शेगडी ठेवली. ज्याची आठवडी सुटी असेल त्याने तिथे स्वतःचं रांधावं, सामान माझं. सुरुवातीला पोरं लाजायची. आता तिथे नंबर लावावा लागतो. लातूरचा मुलगा नवीन आलेल्यांना भाकरी शिकवतो आणि शिकवताना माझ्याहून जास्त ओरडतो. सुटीच्या दिवशी रात्रीच्या पोळ्या आमचे हे करतात, हेही ठरलेलं आहे. आठवड्यात एकच दिवस, पण तो चुकत नाही. आणि कुरडया मी आता विकत आणत नाही. एप्रिलमध्ये पाच दिवस सकाळी लवकर उठते, सासूबाई पाटावर बसून सांगतात, मुलं सोऱ्या दाबतात. त्यांच्या हातात जोर आहे, माझ्या मनगटात तो आता राहिला नाही.

रोज पहिल्यापासून सगळं करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पाळीत काम करणाऱ्या माणसाला ते सांगणं अन्यायाचं होईल, आणि तयार मसाल्याच्या पुडीने माझी कितीतरी वर्षं निभावली आहेत. मी एवढंच म्हणेन. तुमच्या घरात आठवड्यातला एखादा पदार्थ असा असू द्या, की ज्याला वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या एकट्या बाईचा नसावा. विरजण लावा, मटकीला मोड आणा, काहीही. आणि तुमच्याकडे भाड्याने खोली असेल, तिच्यात परगावचा कोणी पोरगा राहत असेल, तर त्याला एक शेगडी ठेवू द्या. महिन्याचं वीज-पाण्याचं थोडं जास्त घ्या, हरकत नाही. भात शिजवायला त्याला कोणाची परवानगी लागू नये.

दुपारच्या पाळीची मुलं येण्याची वेळ झाली आहे. मला निघायला हवं. नमस्कार.